पौर्णिमेच्या मापाचा उजेड

विदर्भातल्या माणसाच्या डोंगरातल्या दोन मोठ्या यात्रा, आणि दोन्ही काळोखाच्या. महाशिवरात्र येते माघ वद्य चतुर्दशीला, अमावास्येच्या आदल्या रात्री. तेव्हा लोक खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीजवळचा चौरागड चढतात. नागद्वारीची यात्रा नागपंचमीला संपते. तिचे दहाएक दिवस म्हणजे आषाढाचा शेवट आणि श्रावणाची सुरुवात. मधोमध अमावास्या, वर पावसाचे ढग. पंचमीची चंद्रकोर दिसलीच तर रात्रीची जेवणे होईतो मावळते. नागपुरातून निघालेली माणसे पचमढीला उतरतात आणि काजरी, पद्मशेष, चिंतामण, स्वर्गद्वार करत रात्री-अपरात्री सातपुड्यात चालत राहतात.

हेडलॅम्पवर मराठीत एक पुस्तक हवे असे मला पहिल्यांदा तिथेच वाटले. पायवाट संपून लोखंडी शिडी सुरू झाली होती. शिडी ओली, पायऱ्यांवर शेकडो पायांचा चिखल. माझ्या हातात वडिलांची तीन सेलची पत्र्याची बॅटरी होती. वजनदार, भरवशाची, झोत समोरच्या कड्याला जाऊन लागे अशी. पण शिडीला दोन हात लागतात. बॅटरी बगलेत धरली तर उजेड मागच्याच्या डोळ्यांत, सदऱ्यात खोचली तर माझ्याच हनुवटीवर. पायाखाली अंधार तो अंधारच. मागून कोणी ओरडले, "दादा, थांबू नका, लाइन लागली मागं." माझ्या पुढे साठीतली एक बाई होती. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला आणि त्यावर रबरी पट्ट्याचा बाजारातला स्वस्त दिवा. दोन्ही हात शिडीला, मान वळेल तिकडे उजेड. ती शांतपणे उतरत गेली आणि तिच्या उजेडावर मी उतरलो. खाली पोचल्यावर विचारले, "मावशी, ही बॅटरी कुठली?" म्हणाल्या, "पोराची हाय. जागलीले नेते तो."

जागल म्हणजे रानडुकरांपासून पीक राखायला रात्रभर शेतात थांबणे. ज्या वस्तूला मी साहसी खेळांच्या दुकानातली समजत होतो, ती विदर्भाच्या शेतात कधीच पोचली होती. आणि तिचे मूळ शोधायला गेलो तर तेही घराजवळच निघाले.

हेडलॅम्प जन्मला खाणीत. नागपूरकराला हे समजून घ्यायला लांब जावे लागत नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय इथे, मँगनीज काढणाऱ्या 'मॉइल'चे इथे, भारतीय खाण ब्यूरोचेही इथेच. सावनेरच्या बाजूला जमिनीखाली कोळसा, रामटेकच्या वाटेवर मनसर आणि कांद्रीला मँगनीज. भूमिगत खाणीत पाळीवर जाणारा कामगार आधी लॅम्प रूमच्या खिडकीशी जातो. आपला बिल्ला देतो, चार्ज झालेला दिवा घेतो आणि टोपीच्या खाचेत बसवतो. पाळी संपली की दिवा परत, बिल्ला परत. ज्याचा बिल्ला खिडकीवरच राहिला तो माणूस अजून खाली आहे, हे एका नजरेत कळते. दिवा निवडण्याविषयी जे काही शहाणपण जगात आहे, त्याचा बराचसा भाग या खिडकीवर शिकायला मिळतो: दिवा माणसागणिक स्वतंत्र हवा, पाळीपेक्षा जास्त वेळ टिकायला हवा, आणि दोन्ही हात मोकळे राहायला हवेत.

त्या खिडकीपर्यंतचा प्रवास सोपा नव्हता. आधी खाणीत उघड्या ज्योतीचे दिवे असत. कोळशातून मिथेन निघतो, आणि उघड्या ज्योतीशी गाठ पडली की स्फोट होतो. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. जाळी उष्णता पसरवून टाकते, त्यामुळे आतली आग बाहेरच्या वायूला लागत नाही. त्या दिव्याचा उजेड अगदी क्षीण, शिवाय तो हातात धरावा लागे. तरी तो शतकाहून अधिक काळ टिकला, कारण ज्योतीवर चढणारी निळसर टोपी पाहून जाणत्याला हवेतला मिथेन ओळखता येई. १९०० मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक बाल्डविनने कार्बाइडच्या दिव्याचे पेटंट घेतले. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडते, ॲसिटिलीन वायू तयार होतो, आणि तो पेटवला की पांढराशुभ्र उजेड मिळतो. आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच हे कार्बाइड. वायूच्या खाणीत हा दिवा धोक्याचा होता. पण धातूंच्या खाणींत तो चालला, आणि गुहा शोधणाऱ्यांनी तर तो विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सोडला नाही.

१९१२ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात जेड इथल्या खाणीत स्फोट होऊन ऐंशीहून अधिक कामगार गेले. उघड्या ज्योतीच्या दिव्याने वायू पेटला, असे मानले गेले. जॉन रायन आणि जॉर्ज डाइक या दोन खाण अभियंत्यांनी थॉमस एडिसनला गाठले. त्यातून कमरेला बॅटरी, टोपीवर बल्ब आणि पाठीवरून जाणारी वायर असा विजेचा दिवा आला. आजच्या प्रत्येक हेडलॅम्पचा तो पूर्वज. जगातली निम्मी साधने युद्धातून आली असे म्हणतात. हे साधन मेलेल्या मजुरांमुळे आले, आणि ते डोक्याला बांधताना मला दरवेळी त्यांची आठवण होते.

पुढचा टप्पा गुहांमधून आला. फ्रान्सचे फर्नांड पेट्झल हे गुहा धुंडाळणारे कारागीर. त्यांच्या कारखान्याने १९७३ मध्ये बॅटरीसह सगळा दिवा डोक्यावर आणला. कमरेची वायर गेली. तरीही बल्ब तारेचाच होता. ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत जाई आणि सेल काही तासांत बसत. हा पेच सुटला तो जपानमध्ये. शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी बनवून दाखवला. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. याच निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. २००० मध्ये पेट्झलचा 'टिक्का' बाजारात आला, तीन छोट्या सेलवर चालणारा, खिशात मावणारा. तिथून पुढची वीस-पंचवीस वर्षे म्हणजे ल्युमेनची, दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाच्या मापाची, चढाओढ.

या चढाओढीतच ग्राहक हरवतो. खोक्यावर मोठ्या आकड्यात लिहिलेले असते '४०० ल्युमेन', त्याखाली '४० तास', त्याखाली '१०० मीटर'. वाचणाऱ्याला वाटते, हा दिवा ४०० ल्युमेनचा उजेड ४० तास देईल. तसे नसते. ४०० हा सर्वांत प्रखर स्थितीचा आकडा, ४० तास बहुधा सर्वांत मंद स्थितीचे. या गोंधळाला शिस्त लावायला २००९ मध्ये अमेरिकेत 'एफएल-१' हे मानक झाले. त्यात दिवा किती वेळ टिकला हे कसे ठरवतात? उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे ४०० चा दिवा ४० ल्युमेनवर घसरला तरी तो वेळ धरला जातो. काही दिवे शेवटपर्यंत एकसारखा उजेड देतात आणि मग एकदम खाली येतात. काही पहिल्या अर्ध्या तासातच मंदावतात आणि मग तासन्‌तास मिणमिणत राहतात. आकडा दोघांचा सारखाच असू शकतो.

आणि त्या १०० मीटरचा अर्थ? या प्रश्नाचे उत्तर सापडले तेव्हा मला फार आनंद झाला होता. मानक म्हणते: झोताचा प्रकाश पाव लक्सवर उतरतो तिथपर्यंतचे अंतर मोजा. आणि पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीचे पौर्णिमेचे चांदणे. प्रयोगशाळेत बसलेल्या अभियंत्यांना माणसाला चालण्यापुरता किमान उजेड किती, हे ठरवायचे होते, आणि त्यांनी चंद्र घेतला. म्हणून १०० मीटरचा दिवा म्हणजे १०० मीटरवर पौर्णिमा ठेवणारा दिवा. पल्ला दुप्पट करायचा तर झोताची तीव्रता चौपट लागते, कारण प्रकाश अंतराच्या वर्गाने विरळ होतो. एवढे समजले तर दुकानात निम्मी फसगत टळते.

आमच्याकडे पौर्णिमेचे हे माप प्रत्यक्ष अनुभवायची एक रात्र ठरलेलीच आहे. वैशाखात बुद्धपौर्णिमेला ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा इथल्या पाणवठ्यांवर मचाणे बांधतात आणि माणसे रात्रभर त्यांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या जनावरांची नोंद घेतात. वनविभाग याला निसर्गानुभव म्हणतो. पहिल्यांदा बसणाऱ्याला सुरुवातीला काहीच दिसत नाही. डोळ्यांतल्या दंडपेशींना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मग हळूहळू पाण्याची कड दिसते, वाळलेल्या पानांवरची सावली दिसते, रानडुकरांची रांग दिसते. अशा वेळी शेजाऱ्याने वही बघायला पांढरा दिवा लावला की सगळे पुसले जाते आणि पुन्हा अर्धा तास जातो. तांबड्या उजेडाला दंडपेशी फारशा जागत नाहीत, म्हणून मंद तांबडा दिवा चालतो, तोही वहीपुरता. ज्या हेडलॅम्पमध्ये तांबड्या दिव्यापर्यंत जायला आधी प्रखर पांढऱ्यातून जावे लागते, तो मचाणावर नेऊच नये. दुकानात बटण चार वेळा दाबून हे तपासता येते, पण कोणी तपासत नाही.

डोक्यावरच्या दिव्याचे आणखी एक गुपित जंगलातच कळते. हरणाच्या, बिबट्याच्या, रातव्याच्या डोळ्यांच्या पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. तो प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो. दिवा हातात असेल तर ती चमक हाताकडे जाते. कपाळावर असेल तर सरळ आपल्या डोळ्यांत येते. पावसाळ्यात गवताळ पायवाटेवर हेडलॅम्प लावून चाला, जमिनीवर हिरवट ठिणग्या दिसतील. वाकून पाहिले तर प्रत्येक ठिणगी म्हणजे एक कोळी.

हाच गुण धुक्यात दोष होतो. पचमढीला श्रावणात ढग वाटेवरच उतरलेले असतात. पाण्याचा प्रत्येक कण कपाळावरचा उजेड डोळ्यांत परत फेकतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवा जितका प्रखर तितकी भिंत जाड. शिवाय उजेड आणि नजर एकाच रेषेत असल्याने खड्ड्याची, दगडाची सावली दिसत नाही. जमीन सपाट वाटते आणि पाय मुरगळतो. उपाय साधा आहे: दिवा काढून कमरेच्या पट्ट्याला बांधायचा. पण त्यासाठी पट्टा लांब होणारा हवा आणि दिवा वर-खाली कलणारा. ल्युमेनच्या आकड्याहून या दोन गोष्टी मला कितीतरी महत्त्वाच्या वाटतात.

हेडलॅम्प वापरणाऱ्यांत जी घराणी पडली आहेत, ती अशाच अनुभवांतून. गुहावाल्यांचे घराणे सर्वांत कडक. त्यांच्यात प्रत्येकाजवळ तीन स्वतंत्र दिवे असलेच पाहिजेत, कारण आत उजेड गेला तर पहाट होण्याची वाट पाहता येत नाही. पाठीवर घर घेऊन चालणाऱ्यांचे घराणे ग्रॅम मोजते. त्यांना शंभर ग्रॅमच्या आतला, तंबूत एक-दोन ल्युमेनवर पुस्तक वाचू देणारा दिवा पुरतो. रात्री डोंगरात धावणाऱ्यांना रुंद, प्रखर आणि डोक्यावर न हलणारा उजेड हवा, म्हणून बॅटरी मागे आणि दिवा पुढे. सर्पमित्र आणि निसर्ग अभ्यासक उजेडाच्या खरेपणाकडे बघतात: स्वस्त एलईडीच्या निळसर उजेडात मण्यार आणि कवड्या यांच्यातला फरक करायला गेलात तर चूक जिवावर बेतू शकते.

आणि पाचवे घराणे, ज्याचा उल्लेख इंग्रजी पुस्तकांत मला कुठे सापडला नाही, ते आमच्या शेतकऱ्याचे. शेतीपंपाला वीज मिळते ती अनेकदा रात्रीच्या पाळीत. बांधावरून पाणी फिरवायला माणूस चिखलात उतरतो. एका हातात फावडे, दुसरा हात तोल सांभाळायला. मण्यार आणि घोणस याच वेळी बाहेर असतात. नागपूरच्या इतवारीत दोन-तीनशे रुपयांत मिळणारी डोक्याची बॅटरी ही त्याची सुरक्षेची पहिली वस्तू आहे, अनेकदा एकमेव. ती पावसाळाभर टिकत नाही, तिचा चार्जिंगचा सांधा गंजतो, आत कोणता सेल आहे हे कुठेही लिहिलेले नसते. साहसी सहलींच्या पुस्तकात शेतकरी कशाला, असे मला विचारले गेले आहे. महाराष्ट्रात रात्री हेडलॅम्प लावून चालणाऱ्यांची गिनती केली तर गिर्यारोहक मूठभर निघतील. साध्या दिव्याने काय साधते आणि कुठे दगा होतो, हे या माणसाइतके कोणाला कळत नाही, म्हणून त्याचे सांगणे मी या पुस्तकात आग्रहाने घेतले.

नागपूरचे म्हणून एक वेगळे दुखणे आहे, ते उन्हाचे. परदेशी माहितीपत्रके बॅटरीला थंडीपासून जपायला सांगतात. ते खरेच आहे. हिमालयात उणे तापमानात साधे अल्कलाइन सेल मान टाकतात, लिथियम-आयनचीही ताकद घटते. रात्री दिवा स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावे. पण २३ मे २०१३ ला या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवशी काचा बंद करून उभ्या गाडीत राहिलेल्या दिव्याचे काय होते? लिथियम-आयन सेल उष्णतेने कायमचा म्हातारा होतो. प्रखर दिवे स्वतःच्या उष्णतेनेही तापतात आणि आतले सर्किट उजेड आपोआप कमी करते. आमच्या मे महिन्यात ते लवकर कमी करते. शिवाय इथला माणूस मेमध्येच हिमालयात जातो. दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासात एकच दिवा पंचेचाळीस अंशांतून शून्याखाली जातो. म्हणून सेल बदलता येणारा दिवा घ्यावा, हे माझे ठाम मत. चार्जिंगचा दिवा सोयीचा, पण आतला सेल मेला की अख्खा दिवा कचऱ्यात, आणि नागद्वारीच्या वाटेवर चार्जर नसतो. चहाच्या टपरीवर पेन्सिल सेल मात्र मिळतो.

पाण्याविषयी थोडक्यात. आयपीएक्स-४ म्हणजे चहूबाजूंनी उडालेले पाणी चालेल. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. सातपुड्यातल्या पावसाळ्यासाठी पहिले पुरते, ओढे ओलांडायचे असतील तर दुसरे घ्यावे. आणि बटणाला कुलूप हवे. सॅकमध्ये दाबून दिवसभर जळत राहिलेला दिवा संध्याकाळी बाहेर काढण्याइतके वाईट काही नाही. मी तो काढला आहे, चिखलदऱ्याच्या पावसात, अंधार पडायला दहा मिनिटे उरली असताना.

हे सगळे आत्ता सांगण्याची निकड आहे. दहा-पंधरा वर्षांत रात्रीचे ट्रेक वाढले. कळसूबाईपासून हरिश्चंद्रगडापर्यंत शनिवारच्या रात्री दिव्यांच्या रांगा दिसतात. त्यातले निम्मे लोक मोबाइलच्या टॉर्चवर चढतात. मोबाइल बसला की उजेडही जातो आणि मदत मागण्याची सोयही. दुसऱ्या टोकाला हजार ल्युमेनचे दिवे घेऊन येणारे आहेत. ते बोलताना समोरच्याकडे बघतात, आणि समोरचा कड्याच्या कडेला आंधळा होतो. आमच्याकडे कोणीतरी लगेच म्हणते, "अबे, बॅटरी खाली पाड ना." हे म्हणायला हवे, आणि मुळात म्हणायची वेळ येऊ नये. काजव्यांच्या झाडाखाली तर प्रत्येक पांढरा झोत त्यांच्या आपसातल्या इशाऱ्यांत खंड पाडतो. ज्यांना पाहायला इतक्या लांबून आलो त्यांचेच काम अडते. उजेड स्वस्त झाला आणि काळोख दुर्मीळ, अशा काळात दिवा निवडणे ही सोबतच्यांशी आणि रानाशी वागण्याची गोष्ट होऊन बसली आहे.

या पुस्तकात कोणता दिवा घ्यावा याची यादी नाही. नमुने दरवर्षी बदलतात, यादी शिळी होते. इथे प्रयत्न आहे तो तुमची वाट, तुमचे तास, तुमचे डोळे आणि तुमच्या सोबतची माणसे यांवरून दिव्याचे गुण ठरवता यावेत याचा. खाणीत पाळी केलेले, गुहेत उतरलेले, मचाणावर बसलेले, जागल करणारे आणि यात्रेत चालणारे अशा माणसांशी बोलून हे लिहिले आहे, आणि जिथे त्यांचे एकमत झाले नाही तिथे मतभेद तसेच ठेवले आहेत. तांबड्या दिव्यावर तर त्यांचे अजून भांडण आहे. वाचकाला भौतिकशास्त्र येते असे गृहीत धरलेले नाही; लक्स, कँडेला, मिलिअँपिअर-तास हे शब्द येतील तिथेच उलगडले आहेत. साधारण चालणाऱ्याला दोन-तीनशे ल्युमेन पुष्कळ होतात आणि पाचच्या आतला मंद उजेड त्याहून जास्त वेळा लागतो, हा निष्कर्ष मी आधीच सांगून टाकतो. तो कसा निघाला हे पुढच्या पानांत आहे, आणि वाचून कोणाला पटला नाही तरी हरकत नाही.

एक विनंती आहे. पहिले प्रकरण सुरू करण्यापूर्वी जवळ येणारी अमावास्या बघा. शहराबाहेर, रामटेकच्या किंवा उमरेडच्या बाजूला ओळखीच्या कुणाच्या शेतात जा. दिवा खिशात ठेवा, पेटवू नका. बांधावर अर्धा तास बसा. मग उठा आणि विहिरीपासून लांबच्या, पायाखालच्या धुऱ्यावरून शंभर पावले चाला. कुठे थांबावेसे वाटले, कुठे हात पुढे गेले, काय दिसले आणि काय दिसायला हवे होते, ते लक्षात ठेवा. नंतर दिवा सर्वांत मंद करून लावा आणि तीच शंभर पावले परत या.